आधी उसळ, मग भाकरी

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतर (वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, माझंही झालंय) वजन भराभर उतरतं, हे खरंच आहे. जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो, उरते केळ्याएवढी नळी. भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तोही गेलेला असतो. पण त्या नळीत काय घालायचं, हे मला मिरजेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं, आणि ते शिकायला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले.

सुरुवातीला सगळं पातळ: वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, प्रोटीन पावडर, तेही घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. आतली शिवण भरून येईपर्यंत हे पाळावंच लागतं. कंटाळा येतो, पण निभतं.

अवघड गेलं ते भाकरी सुरू झाल्यावर. आमच्या सांगलीकडं जेवण म्हणजे भाकरी, बाकी सगळं तोंडी लावायला. बाईंनी क्रमच फिरवला. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत आणि पोटात जागा जेमतेम वाटीभर. म्हणून आधी मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडं नाहीतर पनीर, मग भाजी, जागा उरलीच तर चतकोर भाकरी. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास, हा हिशेब आता तोंडपाठ झालाय. रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगते. सकाळी त्या चक्क्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड कालवली की नाश्ता झाला. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं.

आणि भडंग! आमच्या घरात त्याचा डबा कधी रिकामा नसतो. भाकरीचा एक घास जास्त झाला तरी छातीत दाटतं, हात आपोआप थांबतो. भडंग थांबवत नाही. चुरमुरे तोंडात विरघळतात, एवढ्याशा पोटातूनही सरसर खाली उतरतात, आणि मूठ मूठ करत दुपार निघून जाते. पोटात जातं तेल आणि पिठूळ, प्रथिनं शेंगदाण्यांपुरती. बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम यांचंही तेच. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगते: जे विनासायास उतरतं, त्याचीच धास्ती बाळगा. आमचा डबा आता सासूबाईंच्या कपाटात असतो, त्यांनी स्वतःहून नेला.

लग्नकार्यात आग्रह चुकत नाही. "एवढ्यानं काय हुतंय, खा की गं," म्हणत मावशी जिलेबी घेऊन उभ्या. त्यांचं मन मोडवत नाही, म्हणून मी वाटी पुढे करते, "मावशी, जिलेबी राहू दे, उसळ वाढा." वाढायला मिळालं की त्याही खूश.

काही महिन्यांनी केस मूठभर गळायला लागले तेव्हा मी फार घाबरले. वजन झपाट्यानं उतरताना असं होतं, प्रथिनं आणि लोह सांभाळलं की बहुतेकदा परत येतात, माझेही आले. गोळ्या मात्र कायमच्या. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमची तिच्यापासून किमान दोन तास लांब. बी 12, ड जीवनसत्त्व आणि लोह दरवर्षी रक्तातून तपासायचं, अंगात कितीही हुशारी वाटत असली तरी.