जेरुसलेममध्ये तीन धर्म शेजारी ठेवून पाहताना

जुन्या जेरुसलेमचा तटबंदीच्या आतला भाग जेमतेम एक चौरस किलोमीटर आहे. तेवढ्यात ज्यूंची पश्चिम भिंत, ख्रिस्ती लोकांचं पवित्र कबरीचं (येशूच्या कबरीवरचं) चर्च आणि मुस्लिमांचं हरम अल-शरीफ ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत. सहलीच्या कार्यक्रमात या भागाला बहुधा अर्धा दिवस मिळतो. फोटोंपुरता तो ठीक आहे. पण तिन्ही श्रद्धा शेजारी ठेवून समजून घ्यायच्या असतील तर निदान तीन-चार दिवस हाताशी ठेवा आणि त्यांत एक शुक्रवार येईल असं बघा. का, ते शेवटी सांगतो.

तिथे जाऊन आलेले अनेक जण म्हणतात की तिन्ही धर्म मुळात एकच आहेत. एकच ईश्वर, अब्राहामापासूनची परंपरा, प्रेषित, न्यायाचा दिवस हे सगळं सामाईक आहे यात शंका नाही. पण जागोजागी थांबून पाहिल्यावर मला जास्त मोलाचं वाटलं ते असं, की तोच दगड, तीच गोष्ट, तोच माणूस तिघांकडे असतो आणि एका नेमक्या बिंदूवर वाटा फुटतात. तो बिंदू धूसर करून साम्याचं कौतुक केलं तर तिथे प्रार्थना करणाऱ्या माणसाचा मान राहत नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा वृत्तांत त्या बिंदूंचा.

सुरुवात जैतून टेकडीपासून करा, तीही सकाळी. टेकडी शहराच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि समोरचं शहर स्वच्छ दिसतं. वर जायला टॅक्सी करा, उतरताना पायी या. रस्ता तीव्र उताराचा आहे आणि दगड गुळगुळीत झालेले आहेत. चांगली पकड असलेले बूट हवेतच.

उतारावर ज्यूंची प्रचंड मोठी, अतिप्राचीन दफनभूमी आहे. कबरींवर फुलं नसतात, भेट देणाऱ्यांनी ठेवलेले छोटे दगड असतात. समोर किद्रोनच्या दरीपलीकडे तटबंदीत चिणून बंद केलेला सोनेरी दरवाजा दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी मुस्लिमांच्या कबरी. मसीहा येईल तेव्हा मृतांचं उठणं इथून सुरू होईल, अशी ज्यू परंपरा. येशू याच बाजूने गाढवावर बसून शहरात आला आणि याच टेकडीवरून स्वर्गात गेला, हे ख्रिस्ती लोकांचं स्मरण. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला ओलांडावा लागणारा सिरातचा पूल या दरीवर असेल, अशी मुस्लिमांमधली जुनी समजूत. एवढ्याशा दरीच्या दोन्ही काठांवर माणसं एकाच दिवसाची वाट पाहत झोपली आहेत.

टेकडीच्या माथ्यावर एक छोटी अष्टकोनी वास्तू आहे, स्वर्गारोहणाचं चॅपल. बांधकाम क्रूसेडच्या काळातलं. 1187 मध्ये सलाहुद्दीनने शहर घेतल्यावर तिची मशीद झाली, आणि आजही ताबा मुस्लिम वक्फकडे आहे. प्रवेशाला थोडे शेकेल द्यावे लागतात, सुटे जवळ ठेवा. आत जमिनीत चौकटीत बसवलेला एक दगड आहे. त्यावरचा ठसा येशूच्या पावलाचा मानतात, आणि भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आहे. मशिदीत हे कसं, असं अनेकांना वाटतं. पण येशूला ईश्वराने वर उचलून घेतलं हे कुराणही सांगतं. फरक त्याच्या आधीच्या घटनेत आहे. ख्रिस्ती श्रद्धेत तो क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि मग वर गेला. कुराणाच्या चौथ्या सूरेनुसार त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावरही चढवलं नाही. त्यांना तसं भासलं, एवढंच. म्हणजे पाऊल दोघांनाही मान्य, मृत्यू एकालाच. आणि ज्यू श्रद्धेत या दोन्ही गोष्टींना जागा नाही, कारण त्यांचा मसीहा अजून यायचा आहे.

खाली उतरताना डोमिनुस फ्लेवित हे अश्रूच्या आकाराचं चर्च लागतं. वेदीमागच्या खिडकीच्या जाळीत प्यालाचं चित्र आहे आणि त्यातून समोर हरम अल-शरीफवरचा सोनेरी घुमट दिसतो. दुपारी ते काही काळ बंद असतं. पायथ्याशी मरियेच्या कबरीचं चर्च जमिनीत बरंच खोल आहे. अंधाऱ्या रुंद पायऱ्या उतरून गेलात की कबरीजवळच्या भिंतीतला मिहराब शोधा. मरियम हे कुराणात नावाने आलेल्या एकमेव स्त्रीचं नाव आहे, एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची आहे. येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला हे मुस्लिमही मानतात. मात्र त्यामुळे तो ईश्वराचा पुत्र ठरतो, हे ते ठामपणे नाकारतात.

आता सियोन टेकडी. वेळ कमी असेल तर बाकी काही गाळा, पण ही जागा गाळू नका. तटबंदीच्या बाहेर, सियोन दरवाज्यापासून दोन मिनिटांवर एकच इमारत आहे. खालच्या मजल्यावर दाविदाची कबर, वरच्या मजल्यावर येशूच्या शेवटच्या भोजनाची खोली, आणि दोन्हींवर मशिदीच्या खुणा. कबरीवर मखमली कापड, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे भाग, तोंडाने स्तोत्रं म्हणणारी माणसं. दावीद खरोखर इथे पुरलेला असेल असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानत नाहीत. त्याने तिथल्या प्रार्थनेची तीव्रता कमी होत नाही. ज्यूंसाठी दावीद राजा आहे, स्तोत्रांचा कर्ता आहे, आणि बायबलने त्याची पापंही लपवलेली नाहीत. ख्रिस्ती लोकांना तो येशूचा पूर्वज म्हणून हवा आहे. इस्लाममध्ये तो दाऊद, ईश्वराकडून ज़बूर हा ग्रंथ मिळालेला प्रेषित. प्रेषिताकडून तसं घोर पाप होईल, हे तिथे स्वीकारलं जात नाही.

वरच्या खोलीत गॉथिक कमानी आहेत. सोळाव्या शतकात उस्मानी सत्तेने फ्रान्सिस्कन साधूंना काढून तिथे मशीद केली. दक्षिणेच्या भिंतीत मिहराब आहे, खिडक्यांच्या रंगीत काचेत अरबी अक्षरं आहेत. कोपऱ्यातल्या जिन्यावरच्या छोट्या छत्रीचा खांब मुद्दाम जवळून बघा. त्याच्या माथ्यावर पेलिकन पक्ष्याची पिल्लं आईच्या छातीला चोच मारताना कोरली आहेत. आई स्वतःच्या रक्तावर पिल्लांना जगवते या जुन्या समजुतीतून ते येशूच्या बलिदानाचं चिन्ह झालं. ते मुस्लिम काळातही कोणी फोडलं नाही.

या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या स्मरणाचं ज्यू भोजन होतं. बेखमीर भाकर आणि द्राक्षारस ज्यू घरांत आजही त्या सुटकेची आठवण आहेत. येशूने त्याच भाकरीला आपलं शरीर आणि त्याच द्राक्षारसाला आपलं रक्त म्हटलं, आणि चर्चचा सगळा मुख्य विधी त्यातून उभा राहिला. इस्लामने मोशेची आणि मिसरमधल्या सुटकेची कथा पूर्ण आदराने ठेवली, पण मद्य निषिद्ध केलं आणि कोणाच्या रक्ताने कोणाची पापं धुतली जातात ही कल्पनाही नाकारली. ताटातल्या दोन वस्तूंमधून तिन्ही धर्म इतके स्वच्छ उलगडलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. गटांची गर्दी दहानंतर वाढते. लवकर जा.

हरम अल-शरीफ, ज्यूंसाठी त्यांच्या प्राचीन मंदिराची टेकडी, इथे नियम काटेकोर आहेत. मुस्लिमेतर पर्यटकांना पश्चिम भिंतीजवळच्या लाकडी पुलावरून, मुगरबी दरवाज्यातूनच आत सोडतात. तेही रविवार ते गुरुवार, सकाळी काही तास आणि दुपारच्या नमाजानंतर थोडा वेळ. शुक्रवारी आणि शनिवारी बंद. रमजानमध्ये आणि तणावाच्या दिवसांत वेळा अचानक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या आणि दरवाजा उघडण्याआधी रांगेत उभे राहा. पासपोर्ट लागतो. बायबल, जपमाळ, क्रूस, प्रार्थनेची शाल असलं काही बरोबर नेऊ नका. आत मुस्लिमेतरांना प्रार्थना करायला परवानगी नाही, ओठ हलवून पुटपुटूही नका. हात-पाय झाकणारे सैल कपडे घाला, स्त्रियांनी ओढणी जवळ ठेवावी. पती-पत्नींनीही हातात हात घालून फिरू नये. सोनेरी घुमटाच्या आणि अल-अक्सा मशिदीच्या आत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही.

तरीही जा. घुमट 691-92 मध्ये उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने पूर्ण केला. ज्यूंच्या श्रद्धेत त्याच्या आतला खडक हा जगाचा पायाचा दगड, आणि अब्राहामाने मुलाला बळी देण्यासाठी बांधलं तो मोरिया पर्वत हाच. त्या वेळी बळी दिलेल्या मेंढ्याची आठवण म्हणजे नववर्षाला फुंकतात ते शिंग. मुस्लिमांसाठी प्रेषित मुहम्मद मिराजच्या, म्हणजे स्वर्गयात्रेच्या रात्री इथून वर गेले. अब्राहामाच्या बलिदानाची कथा त्यांनाही तितकीच प्रिय आहे, बकरी ईद तिचीच. पण त्यांच्यातल्या बहुसंख्यांच्या मते तो मुलगा इसहाक नसून इस्माईल होता आणि जागा मक्केजवळची. घुमटाच्या आत कमानींवर अरबी लेखाची लांबच लांब पट्टी आहे. मरियमपुत्र येशू हा मसीहा, ईश्वराचा प्रेषित आहे, असं त्यात गौरवाने म्हटलं आहे, आणि लगेच ‘तीन म्हणू नका’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी त्रयी मानू नका, असं बजावलं आहे. पवित्र कबरीच्या चर्चच्या जवळजवळ तेवढ्याच व्यासाच्या घुमटाला दिलेलं हे उत्तर होतं, असं इतिहासकार मानतात. बाहेरून पाहताना एक लक्षात घ्या: भिंतींवरच्या निळ्या फरशांवर वेली, भूमिती आणि अक्षरं आहेत, माणूस किंवा प्राणी एकही नाही.

खाली पश्चिम भिंत रात्रंदिवस खुली असते. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते. स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे. भिंतीजवळून निघताना अनेक जण पाठ न फिरवता मागे मागे चालत जातात. शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार संध्याकाळ) तिथे फोटो काढू नका आणि भिंतीच्या फटीत ठेवायची चिठ्ठीही लिहू नका, त्या दिवशी लिहिणं निषिद्ध आहे. हेरोद राजाच्या काळातले खालचे मोठे थर हाताला लागतात. मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं, ही भिंत त्याच्या आवाराची. इथे हात धुण्यासाठी दोन मुठींची पाण्याची भांडी आहेत, वर हरममध्ये वजूसाठी (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी) नळांनी वेढलेलं अल-कास कारंजं आहे, आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी. ज्यू आणि मुस्लिम पुन्हा पुन्हा धुतात, ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच.

पवित्र कबरीच्या चर्चला पहाटे जा. नंतर कबरीसाठीची रांग तासन्‌तास चालते. प्रवेश विनामूल्य. इथे सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत, आणि मुख्य दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबांकडे आहे. उजवीकडचा अरुंद जिना चढून गोलगोथ्यावर, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं त्या जागी गेलात की लॅटिन चॅपलच्या भिंतीवरचं मोझेक बघा: अब्राहाम आणि वेदीवरचा इसहाक. खाली आदामाचं चॅपल आहे. आदामाची कवटी इथे पुरली होती आणि येशूचं रक्त फटीतून तिच्यावर पडलं, अशी आख्यायिका. मंदिराच्या टेकडीवरच्या गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेने या खडकावर आणून ठेवल्या, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चर्चसमोर उमरची मशीद आहे. परंपरा सांगते की खलिफा उमरने चर्चच्या आत नमाज पढायला नकार दिला, नाहीतर पुढे मुस्लिमांनी त्यावर हक्क सांगितला असता.

आता शुक्रवारचं. दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर दमास्कस दरवाज्याकडे लोटणारी गर्दी कडेला उभं राहून पाहा, त्या वेळी गल्ल्यांत उलट दिशेने घुसू नका. दुपारी तीनला, उन्हाळ्यात चारला, फ्रान्सिस्कनांची मिरवणूक व्हिया दोलोरोसावरून, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेवरून निघते, तिच्याबरोबर कोणीही चालू शकतं. सूर्यास्ताला पश्चिम भिंतीपाशी शब्बाथचं स्वागत, गाणी आणि फेर. सातव्या दिवशी ईश्वराने विसावा घेतला म्हणून ज्यूंचा शब्बाथ कामबंदीचा. कुराण म्हणतं, सृष्टी निर्माण करून ईश्वराला थकवा शिवलाच नाही, म्हणून शुक्रवारी नमाज संपली की व्यवहाराला लागायला हरकत नाही. रविवार ख्रिस्ती लोकांचा, तो पुनरुत्थानाचा.

याचा व्यवहारात अर्थ असा: शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत पश्चिम जेरुसलेममधली ट्राम, बहुतेक बस आणि विमानतळाची ट्रेन बंद. खाण्यासाठी त्या काळात मुस्लिम आणि ख्रिस्ती मोहल्ले उघडे असतात. रविवारी ख्रिस्ती दुकानं बंद मिळतील. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढा, आणि तिकिटापूर्वी भारतीय दूतावासाच्या सुरक्षाविषयक सूचना वाचा, परिस्थिती झपाट्याने बदलते. परतीचं विमान शनिवारी असेल तर शब्बाथलाही चालणाऱ्या सामायिक टॅक्सीत जागा गुरुवारीच सांगून ठेवा, आणि विमानतळावरच्या चौकशीसाठी तीन तास हाताशी ठेवा.