बळीमागे किती धावा?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी माझी पुतणी मागच्या आठवड्यात एक गणित घेऊन आली. एका गोलंदाजाची सरासरी, म्हणजे दर बळीमागे दिलेल्या धावा, २४ आहे. पुढच्या सामन्यात त्याने ५६ धावांत ४ बळी घेतल्यामुळे ती अर्ध्या धावेने घटली, तर त्याआधी त्याचे बळी किती होते? तिने या सामन्याची सरासरी १४ काढली, २४ आणि १४ यांचा मध्य १९ काढला आणि तिथेच ती अडली. “काका, इतकी चांगली गोलंदाजी करूनही अर्ध्याच धावेचा फरक कसा पडतो?” हा तिचा प्रश्न मला उत्तरापेक्षा मोलाचा वाटला.

दोन सरासऱ्यांचा मध्य इथे चालत नाही, कारण १४ च्या मागे चारच बळी आहेत आणि २४ च्या मागे किती आहेत, तेच तर शोधायचे आहे. म्हणून ‘क्ष’ बाजूला ठेवून मी तिला धावांचा हिशेब मांडायला सांगितला. २३.५ या नव्या सरासरीने चार बळींसाठी ९४ धावा गेल्या असत्या. त्याने ५६ दिल्या, म्हणजे ३८ धावा वाचल्या. ही बचत जुन्या प्रत्येक बळीमागची अर्धी धाव कमी करण्यात खर्ची पडली, म्हणून जुने बळी ७६. पडताळा तिनेच घेतला: ७६ बळींच्या १८२४ धावा, त्यांत ५६ मिळवून १८८०, भागिले ८०, म्हणजे २३.५.

मग अनिल कुंबळे यांचे आकडे घेतले. कसोटीत त्यांनी १८३५५ धावा देऊन ६१९ बळी घेतले, सरासरी २९.६५. त्यांनी आणखी एकदा ५६ धावांत ४ बळी घेतले असते, तरी ती २९.५५ वरच आली असती. बळींचा साठा जितका मोठा, तितकी सरासरी जागची हलवणे अवघड.

सोलापुरात जन्मलेल्या पॉली उमरीगर यांची आठवण मला इथे आवर्जून झाली. त्यांची कसोटीतील फलंदाजीची सरासरी ४२.२२ आणि गोलंदाजीची ४२.०८. पहिली ३६३१ धावांना ८६ वेळा बाद होण्याने भागून येते (ते ८ डावांत नाबाद राहिले, ते डाव भाजकात धरत नाहीत), तर दुसरी दिलेल्या १४७३ धावांना ३५ बळींनी भागून. आकडे जवळजवळ सारखे असले, तरी फलंदाजाला ४२ शोभतात आणि गोलंदाजाला ते महाग पडतात. पुतणीने वहीत एका ४२ पुढे ‘दर बादमागे काढल्या’ आणि दुसऱ्यापुढे ‘दर बळीमागे दिल्या’ असे लिहिले.