लिफ्ट असलेलं कौलारू घर

गुहागरच्या बाजूच्या एका कौलारू घराच्या नकाशात लिफ्ट आहे. कागदावर नव्हे. कागदावर पडवी, ओटी, माजघर, मागच्या अंगाला न्हाणीघर आणि विहीर, संपलं. पण ऑटोकॅडमध्ये, म्हणजे ज्या प्रोग्रामवर आम्ही नकाशे काढतो त्यात, ब्लॉकची यादी उघडली की त्यात सहा माणसांची लिफ्ट दिसते. तिच्या सोबतीला एक परदेशी मोटार, पार्किंगचे बाण, जिमचं सामान आणि खजुरासारखं काहीतरी झाड, ज्याला आमच्याकडचं शेंबडं पोरही माड म्हणणार नाही.

ही वरात आली कुठून, ते ओळखणं अवघड नाही. आमच्या धंद्यात कोऱ्या फायलीपासून सुरुवात सहसा कुणी करत नाही. जुनी फाईल उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' मारायचं, आतलं पुसायचं आणि कामाला लागायचं. टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशावरची नावागावाची चौकट, आयती मिळते, मापांची स्टाईल लागलेली असते, मराठी फॉन्ट बसलेला असतो. ती जुनी फाईलसुद्धा तिच्याहून जुन्या फायलीतून निघालेली. असं मागे मागे गेलं की कुठेतरी डोंबिवलीकडची सात मजली सोसायटी लागते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या घराला असे शहरी पूर्वज असतात, हे मालकाला कधी कळत नाही. कळण्याची गरजही नाही म्हणा.

गंमत अशी की लिफ्ट कुणीतरी पुसलेली होतीच. ऑटोकॅडमध्ये ब्लॉक म्हणजे एकदा काढून ठेवलेलं चित्र, आणि नकाशात दिसते ती त्याची हजेरी. 'इरेज' केलं की हजेरी जाते, मूळ चित्र फायलीच्या पोटात तसंच राहतं. सातबाऱ्यावर नावाला कंस होतो तसं. माणूस गेला, हिस्सा दुसऱ्याच्या नावावर चढला, पण कंसातला आजोबा उताऱ्यावर बसून आहेच. लेअरचं, म्हणजे ज्या थरांवर नकाशा काढतो त्यांचं, अक्षरांच्या स्टाईलचं, रेषांच्या प्रकारांचंही हेच. वापर संपला म्हणून नोंद जात नाही.

त्यासाठी 'पर्ज' आहे. या कमांडचा स्वभाव मला आवडतो. ती कुणी वापरत नसलेल्या वस्तूंची यादी पुढे ठेवते आणि त्यातल्याच घालवते. नकाशात एका कोपऱ्यात जरी ती मोटार उभी असली, तरी मोटारीला हात लावत नाही. ब्लॉकच्या आत ब्लॉक असतील, तर बाहेरचा गेल्याशिवाय आतला मोकळा होत नाही. म्हणून 'नेस्टेड' वस्तूंच्या चौकटीत खूण करावी लागते, नाहीतर पुन्हा पुन्हा पर्ज मारत बसा. 'शून्य' नावाचा लेअर तर कशानेच जात नाही, त्याचं नावही बदलता येत नाही. पहिलं माप टाकलं की 'डेफपॉइंट्स' नावाचा लेअर आपणहून उगवतो. त्याच्यावर काढलेलं छापून येत नाही. नवीन पोरं कौतुकाने त्याच्यावर भिंत काढतात आणि मग अर्धा दिवस प्रिंटरला शिव्या घालतात.

पर्ज करताना प्रत्येक वस्तूला विचारून घालवायची सोय असते. बरेच जण ती बंद करतात आणि सगळं एकदम उडवतात. मी चालू ठेवतो. वेळ जातो, पण नावं वाचायला मजा येते. त्या यादीत 'टेंप', 'टेंप१', 'साहेबांनी सांगितलेलं' असे लेअर भेटतात. कोण साहेब, काय सांगितलं, काही पत्ता नाही.

सगळा कचरा इतका गरीब नसतो. रस्त्याच्या आखणीचे नकाशे मायक्रोस्टेशन या दुसऱ्या प्रोग्राममधून त्याच्या डीजीएन स्वरूपात आले आणि त्यातलं दोन रेघांचं काही आपल्या फायलीत चिकटवलं, की त्यांच्या रेषांचे प्रकारही आत शिरतात. मग कॉपी-पेस्टगणिक ते वाढत जातात आणि दोन खोल्यांच्या घराची फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. साधा पर्ज त्यांच्यापुढे चालत नसे. शेवटी ऑटोकॅड काढणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीला त्यांच्यासाठी सफाईचं वेगळं साधन काढावं लागलं.

फोल्डरमधल्या '.बॅक' फायली मात्र मी कचऱ्यात धरत नाही. दर सेव्हला आधीचा नकाशा त्या नावाने बाजूला पडतो. शेपटाला '.बॅक'च्या जागी ऑटोकॅडचं नेहमीचं 'डीडब्ल्यूजी' लावलं की उघडतो. पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाणार हे ठरलेलं. त्यात यूपीएसची बॅटरी म्हातारी. जागा खातात म्हणून या फायली बंद करून ठेवणाऱ्याने जूनचा महिना कोकणात काढून दाखवावा.

माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत सॉलिडवर्क्स नावाच्या थ्रीडी प्रोग्रामवर टाक्या नि पाइप काढतो. त्याच्याकडचं पुसणं वेगळंच. तिथे एक भोक पुसलं तर त्या भोकाच्या आधारावर काढलेली पुढची चार कामं लाल होऊन बोंबलायला लागतात. पुसण्याआधी प्रोग्राम पोराबाळांची यादीच वाचून दाखवतो. "मामा, आम्ही काढत नाही सहसा," तो म्हणाला. "सप्रेस करतो. भाग असतो, पण मोजणीत धरायचा नाही. वाटलं तर परत उठवायचा."

हे सप्रेस मला फार उपयोगी पडलं, तेही त्याच गुहागरच्या घरासाठी. ते दोघा भावांचं. थोरले गावात, धाकटे मुंबईला. पहिला नकाशा एका चुलीचा. मे महिन्यात आंब्यावरून काही बिनसलं, तेव्हा दोन स्वयंपाकघरांचा झाला. मग माजघरात मधोमध भिंत आली. गणपतीत आरतीला दोघं शेजारी उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन, "तो पयला होता ना, भिंत नसलेला, तो आहे का हो?" शिमग्याला पुन्हा भिंत. प्रत्येक वेळी एक नवी फाईल, आणि कुठलीही डिलीट करायची म्हटलं की पुढचा सण आठवतो.

शेवटी मी सगळ्या फायलींची एकच केली. भिंत, तिच्या पलीकडची चूल आणि जादा दार एका वेगळ्या लेअरवर टाकलं. थोरले आले की लेअर फ्रीझ, म्हणजे दिसेनासा, धाकट्यांना पाठवायचा असला की चालू. त्यावर वस्तू आहेत, त्यामुळे पर्जही त्याला हात लावत नाही. लिफ्ट तेवढी घालवली. पंचायतीत मंजुरीला कुठला नकाशा टाकायचा, ते मात्र अजून ठरायचंय. दोघंही म्हणतात, दुसऱ्याला विचारा.