फॅन चालू होता

‘पळताना काही नाही, उभी राहिली की तापते,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की निम्मं निदान तिथेच झालेलं असतं. पळत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत तो फॅनने ओढावा लागतो. म्हणजे आधी फॅन बघायचा. हे मी गॅरेजातल्या पोरांना 22 वर्षं शिकवतोय. तरी या गाडीने माझे दोन दिवस खाल्ले.

काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. छोटी पेट्रोल गाडी, आठ-नऊ वर्षांची. पुण्यात लेकीकडे गेले होते, नवले पुलाच्या कोंडीत लाल दिवा लागला. या गाडीला तापमानाचा काटाच नाही. गार असताना निळा दिवा, मग काहीच नाही, आणि एकदम लाल. काटा असता तर माणसाला आधी कुणकुण लागते. तिथल्या गॅरेजवाल्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनरसुद्धा न लावता सांगितलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलं, 18 हजार. काका धसकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्याने गाडी साताऱ्याला आणली आणि खंबाटकीचा चढ ती बिनतक्रार चढली.

तिथेच मला हेड गॅस्केट पटेना. ते गेलं असतं तर गाडीने चढावर आधी रडायला हवं होतं. तरी खात्री केली. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं, बुडबुडे नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस नाही. कूलंट पुरेसं, कुठे गळती नाही. समोरचं काही न बघता हेड उतरवायला सांगणाऱ्यांना एकदा त्यांच्याच खिशातून गॅस्केट घ्यायला लावलं पाहिजे.

मग स्कॅनर लावून गाडी उभ्या जागी चालू ठेवली. इंजिनाचं तापमान 90, 94, 97 अंश. सत्त्याण्णवला रिले टक् करून वाजला, फॅन सुरू झाला. आवाज आला, पाती गरगरताना दिसली. मी मनातल्या मनात फॅनवर बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. आकडा उतरायला हवा होता, पण तो 101, 104, 108 असा चढतच राहिला. इंजिन बंद केलं.

काकू शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “मिस्त्री, एसीसुद्धा उभ्या गाडीत गार लागत नाही हो. गाडी पळायला लागली की लागतो.” मी म्हणालो, “गॅस कमी झाला असेल काकू, ते मागाहून बघू.”

रेडिएटरचा खालचा पाइप हाताला जरा कमी गरम वाटला म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे गरम कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलला. 1200 रुपये. फरक शून्य. रेडिएटर आणि त्याच्या पुढे बसणारा एसीचा कंडेन्सर पाण्याने धुतला, जाळीतून किडे-माती निघाली, बरं वाटलं, गाडी 107 वर गेलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉटर पंप उतरवायच्या तयारीत होतो. पाना हातात होता.

आमचं पोरगं बंपरसमोर उकिडवं बसून वडापाव खात होतं. गाडी चालूच होती. फॅन लागला आणि ते तोंड फिरवून म्हणालं, “दादा, तोंडावर गरम वारा येतोय.”

चालत्या फॅनपुढे तोंडावर वारा यायचं कामच नाही! फॅन रेडिएटरच्या मागे असतो, तो समोरची हवा आत ओढतो. मी वडापावचा कागद जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा. उडून पोराच्या मांडीवर पडला.

फॅन उलटा फिरत होता. इंजिनाकडची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता, तीच कंडेन्सरमधून बाहेर. म्हणून एसीही बसला होता. काकूंनी रोग सांगून टाकला होता, मी त्यावर गॅसचं झाकण घातलं.

काकांना विचारलं तेव्हा आठवलं, चार महिन्यांपूर्वी प्रवासात फॅनची मोटर बदलली होती. खाली वाकून बघितलं. बाजारातल्या मोटरचा प्लग जुळला नसणार, तो कापून वायरी पिळून टेप गुंडाळली होती. ब्रशवाल्या दोन वायरींच्या मोटरला प्लस-मायनस उलटं दिलं की ती निमूटपणे उलटी फिरते. फ्यूज जात नाही, स्कॅनरही काही म्हणत नाही. त्याला फॅनला हुकूम गेलेला दिसतो, वारा कुठे जातोय ते दिसत नाही. आवाजही जवळपास तोच.

वायरी अदलाबदल करून सोल्डर केल्या, स्लीव्ह चढवली. 97 ला फॅन लागला, दीड मिनिटात 91 वर येऊन बंद झाला. एसी लावून अर्धा तास उभी ठेवली. काकू आत बसून म्हणाल्या, “आता गार येतंय बघा.”

थर्मोस्टॅटचे पैसे मी बिलातून काढत होतो. काकांनी हात धरला, “राहू द्या हो, जुना खराबच असेल.” मी घेतले.

ते गेल्यावर जुना थर्मोस्टॅट पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. व्यवस्थित उघडला, काढल्यावर तसाच मिटला. बदलण्याआधी हेच करायला पाच मिनिटं लागली असती. तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. परवा काका हवा भरायला आले होते, त्यांना अजून सांगितलेलं नाही.