हिऱ्याचा कट बघताना
आज हिरे बघताना परत तेच जाणवलं: काउंटरवरच्या स्पॉटलाइटखाली कुठलाही खडा चमचमतो. तो खिडकीपाशी न्या, मग हाताच्या सावलीत धरा. चांगला कट, म्हणजे पैलूंची घडण, तिथेही जिवंत दिसतो.

गोल ब्रिलियंटमध्ये, म्हणजे नेहमीच्या गोल कटच्या हिऱ्यात, मधोमध काळपट डाग असेल तर तळ फार खोल. टेबलच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, आत राखाडी कडं दिसलं तर तळ उथळ, प्रकाश खालून निसटतोय. सर्टिफिकेटवर टेबल व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, क्राउनचा (वरच्या भागाचा) कोन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हिलियनचा (तळाचा) ४०.६ ते ४१ असेल तर पुढचं बोलणं करा.

एक कॅरेट वजनाच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ६.४ मिलिमीटर हवा. ६.१ भरला तर वजन पोटात किंवा जाड कडेत लपलंय, आणि वरून न दिसणाऱ्या त्या वजनाचेही पैसे लागतात. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.