पर्जचे बटण दाबल्यानंतरची रात्र

ओरॅकल सर्व्हिस बस या वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधले जुने मेसेज रिपोर्ट, म्हणजे त्या संदेशांच्या नोंदी, काढून टाकायचे असतील तर कन्सोलवर (त्याच्या नियंत्रणाच्या पडद्यावर) सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरायची आणि पर्जचे, म्हणजे पुसून टाकण्याचे, बटण दाबायचे, एवढेच काम असते, आणि ते माझ्याकडून दोन मिनिटांत झाले. त्यानंतरचे सहा तास मात्र मला अजून सलतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पाइपलाइनमध्ये, म्हणजे संदेशावरच्या प्रक्रियेच्या साखळीत, रिपोर्ट ॲक्शन (नोंद करण्याची पायरी) ठेवली की नोंद आधी जेएमएस क्यूवर (संदेशांच्या रांगेत) जाते आणि तिथून डेटाबेसच्या दोन टेबलांत उतरते. एका टेबलात सर्व्हिसचे नाव, एरर कोड, वेळ आणि आपण ठरवलेला इंडेक्स (नोंद शोधण्यासाठीची खूण) असतो, तर दुसऱ्यात संदेशाचा मजकूर असतो. आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरचा संपूर्ण मजकूर जाताना एकदा आणि उत्तर येताना पुन्हा एकदा नोंदवला जात होता, आणि दीड वर्षात पर्ज एकदाही झालेले नव्हते. शेवटी ओआरए-01691 ही एरर आली, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या लॉब सेगमेंटला (डेटाबेसमध्ये मोठा मजकूर ठेवणाऱ्या भागाला) वाढायला टेबलस्पेसमध्ये, म्हणजे टेबलांसाठी राखलेल्या साठ्यात, जागाच उरली नव्हती. ऑर्डरी अडल्या नाहीत, पण रिपोर्टच्या नोंदी क्यूवर साचू लागल्या. तात्पुरती सोय म्हणून जागा वाढवणारी डेटाफाइल मिळाली, तीन महिन्यांहून जुने रिपोर्ट काढायला ग्राहकाची लेखी मंजुरी आली आणि शनिवारची रात्र ठरली.

रात्री 11 वाजता मी बटण दाबले आणि पडद्यावर काहीही बदलले नाही. किती नोंदी गेल्या, किती उरल्या, काम सुरू तरी झाले का, यातले काहीच दिसेना. पंधरा मिनिटे वाट पाहून मी आमच्या वरिष्ठांना फोन केला. म्हटले, "सर, काही हललंच नाही. तुमच्या लॉगिनवरून एकदा करून बघता का?" त्यांनी प्रयत्न केला आणि लगेच म्हणाले, "अरे, चालू आहे की ते! पर्ज आधीच सुरू आहे, नंतर प्रयत्न करा, असं सांगतंय मला." पर्ज पार्श्वभूमीवर चालते आणि ते चालू असल्याची खूण दुसऱ्या कोणी पुन्हा पर्ज करू पाहिले तरच मिळते, हे त्या क्षणी आम्हाला कळले.

त्यानंतर आम्ही जे केले ते कोणीही करू नये. काम पुढे सरकते आहे का हे पाहण्यासाठी दोघेही दर काही मिनिटांनी रिपोर्टच्या यादीवर फिल्टर लावून शोधत राहिलो. कधी मागच्या वर्षीचे एखादे पान रिकामे यायचे, कधी त्याच महिन्याच्या नोंदी जशाच्या तशा दिसायच्या, आणि प्रत्येक वेळी आमची काळजी वाढायची. दीड तासाने मी ओरॅकलचा दस्तऐवज नीट वाचला. पर्ज सुरू असताना रिपोर्ट शोधले तर पुसण्याचा वेग मंदावतो आणि यादीत चुकीचे आकडे दिसू शकतात, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ते काम लवकर संपावे म्हणून तळमळणारे आम्हीच ते लांबवत होतो.

खरा आकडा फक्त टेबलात मोजून मिळणार होता आणि टेबल वाचण्याचा अधिकार आमच्या लॉगिनला नव्हता. डेटाबेस विभागाकडे एका ओळीची मोजणी मागितली, तर आधी तिकीट (कामाची अधिकृत विनंती) काढा असे उत्तर आले. तिकीट काढले, ते चुकीच्या गटाकडे गेले, तिथून परत आले, आणि मध्यरात्र उलटून दोन तास झाल्यावर पहिला आकडा हाती आला. ज्या माणसाने तो दिला त्याला ते काम करायला अर्धे मिनिटही लागले नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यात आमचे जवळजवळ दीड तास गेले, आणि याचा राग मला आजही आहे. 2 वाजून 10 मिनिटांनी एक आकडा आला, 2 वाजून 25 मिनिटांनी त्याहून लहान आकडा आला, आणि तो दुसरा आकडा पाहून मी रात्रीत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. म्हणून पर्जची मंजुरी मागाल तेव्हा त्याच अर्जात टेबल वाचण्याचा अधिकारही मागून घ्या. पहाटे 5 वाजता आकडा स्थिर झाला.

सकाळी डेटाफाइलचा आकार मात्र तेवढाच होता. ओळी पुसल्या तरी सेगमेंट आपोआप आकसत नाही. मोकळी झालेली जागा पुढच्या रिपोर्टना वापरता येते, पण ती टेबलस्पेसला परत हवी असेल तर वेगळे काम करावे लागते, आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. हे व्यवस्थापकांना आदल्या दिवशीच सांगायला हवे होते. पर्ज फसले असे समजून त्यांनी रविवारी सकाळी फोन केला.

एक गोष्ट मात्र आम्ही आधीच केली होती आणि तिचे समाधान आहे. ज्या ऑर्डरींवर वाद चालू होता, त्यांचे रिपोर्ट इंडेक्समधल्या ऑर्डर क्रमांकाने शोधून, तपशिलाच्या पानावरून मजकुरासह जतन करून ठेवले होते. गेलेला रिपोर्ट कन्सोलवरून परत आणता येत नाही. त्याच पानावर दोन वेगवेगळ्या वेळा लिहिलेल्या दिसतात, एक सर्व्हरवर नोंद झाली ती आणि दुसरी डेटाबेसमध्ये उतरली ती. त्यांच्यात मोठे अंतर पडू लागले तर क्यू तुंबतो आहे असे समजावे. आमच्याकडे ते कितीतरी दिवस दिसत होते आणि कोणी पाहिले नव्हते.

आता आम्ही पर्जला एकदम एवढ्या मोठ्या काळाची मर्यादा देत नाही. एकेका आठवड्याची देतो, टेबलात मोजतो, मग पुढचा आठवडा घेतो. रिपोर्ट ॲक्शनमधून संपूर्ण मजकूर काढून ऑर्डर क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि उत्तराची स्थिती एवढेच ठेवले आहे, आणि अख्खा मजकूर फक्त एरर हँडलरमध्ये (चूक झाली तरच चालणाऱ्या भागात) नोंदवला जातो. गेल्या महिन्याचे पर्ज संध्याकाळी 7 वाजता सुरू केले, तेव्हा कन्सोल बंद केला आणि मोजणीची खिडकी तेवढी उघडी ठेवली.