मॉइश्चर किती आलं, बाई?

जून २०२५, पेरणी उरकलेली

एम.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला आणि नांदेडहून गादी, पेटी, वह्या घेऊन गावी आले. औंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, त्यामुळं गावात सगळ्यांचं काम लवकर आटोपलंय. म्हणजे चौकशीला वेळच वेळ. पारावर, किराणा दुकानात, गिरणीत दळण टाकताना एकच विचारणा : "सध्या काय करायलीस गं?"

याला आमच्या भागात तयार उत्तर आहे. "तयारी करायलेय." कशाची, हे पुढं कुणी विचारत नाही, कारण घराआड कुणीतरी तयारी करतच असतं. माझा चुलतभाऊ २०२३ च्या तलाठी भरतीला बसला होता. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला फी १,००० रुपये, राखीवला ९००. त्यात त्याचं झालं नाही. आता लातूरला अभ्यासिकेत बसतो. सकाळी डबा घेऊन निघतो, रात्री शेवटच्या एसटीनं येतो. आजीला वाटतं, तो नोकरीलाच आहे. कुणी तिला सांगायला जात नाही.

जुलै

दिवस उजाडतो आणि मावळतो, त्याला मधे कुठं धरायला दांडी नाही. विष्णुपुरीला विद्यापीठात असताना वैताग यायचा, सकाळचं लेक्चर, दुपारचं प्रॅक्टिकल, जर्नलवर सही घ्यायला सरांच्या केबिनबाहेर ताटकळणं. पण त्या वैतागाचं एक वेळापत्रक होतं. इथं मी पुस्तक उघडते तेवढ्यात आई म्हणते, जरा भाजी निवडून दे. तिचं चूक नाही. घरात बसलेलं माणूस रिकामंच दिसतं, त्याच्या मांडीवर पुस्तक असलं तरी.

स्थळं यायला लागलीत. एका स्थळानं निरोप पाठवला की मुलगी शिकलेली हवी, पण नोकरीचा आग्रह नको. अप्पांनी तो मला सांगितला आणि लगेच टीव्हीचा आवाज वाढवला. त्यावरून त्यांचं मत कळलं.

पोळ्याच्या आधी

लातूरला दोन ठिकाणी जाऊन आले. महिलांना एसटीला अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. नोकरी शोधताना हे अर्धं तिकीट किती कामाचं आहे ते ज्यानं शोधली त्यालाच कळेल. प्रत्येक वेळी अप्पांपुढं हात पसरायचा म्हणजे आधी पोटात गोळा, मग पैसे.

पहिलं ठिकाण क्लासेस. लातूर पॅटर्नचं गाव हे, बारावीच्या पोरांसाठी इथं सगळं आहे : हॉस्टेल, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, झेरॉक्सची रात्री उशिरापर्यंत उघडी दुकानं. बारावीच्या पुढं शिकून आलेल्याला मात्र हे शहर पुन्हा बारावीच्याच पोरांकडं पाठवतं. मला 'डाउट काउंटर' देऊ केलं होतं. म्हणजे टेबलामागं बसायचं आणि नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, पोरं येतील तसतशी त्यांची गणितं सोडवून द्यायची. काम वाईट नव्हतं. पण तिथं आधीपासून बसलेली एक मुलगी, तीही एम.एस्सी.च, मला हळूच म्हणाली, "ताई, पगार तासावर धरतेत, आन् पोरं आली नाहीत तर तास धरत नाहीत."

दुसरं ठिकाण एक कॉलेज. सेट किंवा नेट झाल्याशिवाय प्राध्यापकीचं नाव काढायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून फक्त तासिका तत्त्वावर काही आहे का विचारायला गेले होते. तिथल्या माणसानं चहा पाजला. कायमच्या जागेचा विषय त्यानं स्वतःच काढला आणि 'संस्थेला मदत' म्हणजे काय ते मला नीट समजावून सांगितलं. आकडा ऐकून मी एकरात हिशोब केला. आमच्याकडं तेवढे एकर नाहीत.

आमच्या एक वर्ष पुढची मैत्रीण मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एका शाळेत होती. पदवीवाल्यांना महिना १०,००० रुपये, सुरुवातीला सहा महिने, मग ते अकरा केले. तिला शाळा आवडली होती, पोरांनाही ती आवडली होती. मुदत संपली तसं दुसऱ्या दिवसापासून घरी. ती म्हणते, "बेरोजगार व्हते तवा इतकं वाईट वाटलं नव्हतं."

सप्टेंबर

पाणी. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. मांजरा, तेरणा दोन्ही पात्राबाहेर. आमचं रान उंचावर आहे म्हणून माती राहिली, पण शेंगा भरायच्या वेळेला पाणी साचून राहिलं. ज्या जिल्ह्याला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं लोक आता पाणी रानाबाहेर काढायला चर खांदतायत. मुलाखतीचा एक फोन आला होता, रस्ता बंद म्हणून जाता आलं नाही. त्यांनी पुढची तारीख दिली. इतकं साधं वागणारी माणसंही असतात.

दिवाळीनंतर

लागले. एका सोयाबीन प्लांटच्या लॅबमध्ये, लातूरच्या एमआयडीसीत. महिना १५,००० रुपये, सीझनपुरतं, पुढचं पुढं बघू म्हणाले. आईनं देवापुढं साखर ठेवली. चुलतभाऊ म्हणाला, "प्रायव्हेट का?" आणि पुन्हा अभ्यासिकेत गेला.

लॅब म्हणजे एक खोली. तेल काढायचं सॉक्स्लेट, नायट्रोजन मोजायचा जेलडालचा संच, हॉट एअर ओव्हन, तराजू. विद्यापीठात सॉक्स्लेट आम्ही परीक्षेपुरतं लावायचो, इथं ते दिवसभर चालू असतं. दळलेलं सोयाबीन, वर तेल विरघळवणारं हेक्झेन, ते थेंब थेंब भरतं आणि भरलं की एकदम उपसून खाली जातं. तेल साधारण १८ ते २० टक्के निघतं. राहिलेल्या पेंडीतला नायट्रोजन जेलडालनं काढायचा, ६.२५ नं गुणायचा, प्रोटीन मिळालं. पेंड कोंबडीखाद्याला जाते, म्हणून ती नीट भाजली गेली की नाही हे युरिएज टेस्टनं बघावं लागतं. कच्ची राहिली तर कोंबडीला पचत नाही. हे सगळं मी शिकलेलंच होतं. पण पेंड नापास झाली तर ट्रक परत येतो, हे कुठल्या पेपरात नव्हतं.

खरं काम मात्र लॅबच्या आत नाही, खिडकीत आहे. गेटवर गाडी आली की हमाल पोत्यात लोखंडी परखी खुपसून नमुना काढतो, तो माझ्याकडं येतो, मी मॉइश्चर मीटरमध्ये ओतते आणि खिडकीपलीकडून आवाज येतो, "मॉइश्चर किती आलं, बाई?"

भाव १० टक्के ओलाव्यावर धरलेला असतो. त्यावर जेवढं येईल तेवढं वजनात कापलं जातं. औंदा पावसानं माल ओला, त्यात डागी. खिडकीतली माणसं तावातावानं बोलतात, पण शिव्या देत नाहीत, कदाचित मी बाई आहे म्हणून. "घरून निघताना दाताखाली फोडलाय दाणा, कट्टकन् वाजला की." एक म्हातारा हमाल आहे इथं, तोही दाणा चावून सांगतो. मी त्याचा आकडा आधी लिहून घेते आणि मग मीटर लावते. बहुतेक वेळा फार अंतर पडत नाही. मीटरच कधीकधी सकाळच्या गारव्यात वेडंवाकडं दाखवतं, म्हणून अधूनमधून मी ओव्हनमध्ये वाळवून पडताळा घेते. साहेबांना हा वेळेचा खोळंबा वाटतो.

मीटरचा आकडा माझ्याकडच्या बाजूला होता. मी ते टेबल फिरवलं, आता आकडा खिडकीतून दिसतो. त्यानं भांडणं कमी होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. आता लोक आकडा बघून म्हणतात, परत एकदा लावा. मी परत लावते. रांग लांबते. साहेब एकदा येऊन टेबलाकडं बघून गेले, काही बोलले नाहीत. ते बोलतील तेव्हा बघू.

त्याच आठवड्यात, रविवार

अप्पांनी आमचं सोयाबीन अजून विकलेलं नाही. औंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि डागी दाणा चालत नाही. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. पोती माजघरात रचून ठेवलीत. मी म्हटलं, आमच्याच प्लांटला घाला की. अप्पा गप्प. आई आतून म्हणाली, "लेकीच्या खिडकीत हुबारतेत का ते?"

जेवताना मी त्यांना ओलाव्याच्या कपातीचं गणित सांगितलं. शंभर किलो सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८६ किलो. तोच माल १० टक्क्यांवर आणला तर साडेपंचाण्णव किलोच भरतो. म्हणजे साडेचार किलो नुसतं पाणी आहे, पाण्याचे पैसे कोण देईल? मला वाटलं, चांगलं समजावलं. गणित चुकीचं नाहीच.

अप्पांनी हात धुतले आणि विचारलं, "आन् आठ आलं तर वर देतेत का?"

आठ टक्के म्हणजे कोरडा माल ९२ किलो, दहावर आणला तर १०२ किलोंच्या वर. दोन किलोंचे पैसे वर द्यायला हवेत. आमच्याकडं तसं देताना मी पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात खडखडीत वाळलेला माल येईल तेव्हा माझं मीटर तोही आकडा दाखवेल, आणि त्या आकड्याचं पुढं काही होणार नाही.

एम.एस्सी.ला चूक शोधायला शिकवलं होतं. उपकरणाची चूक, माणसाची चूक, नमुन्याची चूक. यातली ही कुठलीच नाही. आकडा बरोबर, मीटर बरोबर, मी बरोबर, आणि तरी अप्पा म्हणतात तेही बरोबर. नोकरी लागेपर्यंत मला वाटायचं की आपण फक्त पगार आणि गाव एवढंच बघून ठरवतो. काट्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हेही त्यात ठरून जातं, आणि ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. क्लासच्या टेबलामागं असते तर वेगळी बाजू मिळाली असती, तिथल्या फीचं गणितही कुणाच्या तरी सोयाबीनमधूनच जातं.

सोडावंसं वाटतंय का? नाही. मला ते काम येतं आणि आवडतं, हे लिहिताना जरा चोरट्यासारखं होतं. दुसरं कुणी त्या खिडकीत बसलं असतं तर आकडा आतल्या बाजूलाच राहिला असता, असं मी स्वतःला सांगते. पूर्ण पटत नाही, पण झोप लागण्यापुरतं पटतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी

पहिल्यांदाच सुटी मागावी लागली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, काय असते ते सांगणं अवघड. अमावस्येला सगळं गाव रानात, ज्वारीच्या पेंढ्यांची कोप, भज्जी, आंबील, उंडे. शहरं त्या दिवशी ओस पडतात. साहेब सोलापूरकडचे आहेत, पण त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "उद्या गेट बंदच राहील, गाड्या येणार कुठून?"

आई दुपारपासून भज्जीच्या भाज्या, शेंगा सोलत बसलीय. मी पगारातून तिला नवं पातेलं आणलं, तर म्हणाली जुन्यातच चव येते. नवं फळीवर ठेवलंय.

संध्याकाळी विद्यापीठातल्या एका ज्युनियरचा फोन. तिची शेवटची सेमिस्टर चालू आहे. "ताई, तुमच्याकडं जागा निघंल का?" मी तिला जे आहे ते सांगितलं. काम सीझनचं, उन्हाळ्यात आवक कमी होते तशी माणसंही कमी करतात. जेलडाल स्वतःच्या हातानं लावायला शीक, ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी लावलं आणि आपण रीडिंग उतरवलं असं करू नको. नेटचा फॉर्म भर, मीही भरलाय. आणि घरून सोयाबीन येत असेल तर वडलांशी आधी बोलून घे. ती हसली. तिला वाटलं, मी गंमत केली.

मग तिनं विचारलं, सीझन संपल्यावर तुम्हाला ठेवणार आहेत का. हे मीच अजून विचारलेलं नाही. येळवस झाली की साहेबांना गाठते, टेबलाचंही त्याच वेळी काय ते बोलून घेईन.